पेल्याची साथसंगत : बिअर, भोजन आणि शब्द

इंग्लंडचा भावी पंतप्रधान बेंजामिन डिझरेली याने नोव्हेंबर १८३७ मध्ये आपल्या बहिणीला एक पत्र लिहिले. व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यानंतरच्या पहिल्या पार्लमेंटात तो नवखा सभासद होता. सभागृहातील कामकाज लांबले, कोणाचेच जेवण झाले नव्हते. तेव्हा रात्री मंडळी कार्लटन क्लबात गेली आणि कालवे, गिनेस व भाजलेली हाडे यांवर त्यांनी यथेच्छ ताव मारला. आयुष्यातील आजवरचा सर्वांत संस्मरणीय दिवस अशा रीतीने संपला, असे तो बहिणीला कळवतो. त्याच सुमारास चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी मासिक भागांतून प्रसिद्ध होत होती. तिच्यातील सॅम वेलर हा चतुर नोकर लंडनच्या एका गरीब वस्तीतून जाताना धन्याला सांगतो की दारिद्र्य आणि कालवे ही नेहमी जोडीनेच आढळतात. म्हणजे एकाच काळात, एकाच शहरात, क्लबातील राजकारणी आणि रस्त्यावरचा हमाल एकच पदार्थ खात होते. आणि काळी बिअर तर दोघांनाही परिचित होती.

ही जोडी कोणी ठरवून लावल्याची नोंद नाही. थेम्सच्या मुखाजवळच्या खाड्यांतून कालवे मुबलक येत. पोर्टर आणि तिची अधिक दाट बहीण स्टाउट ही लंडनची रोजची पेये होती. समुद्राची खारट चव आणि भाजलेल्या धान्याचा कडवटपणा यांनी एकमेकांना आपोआप धरून ठेवले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अतिउपसा आणि सांडपाणी यांमुळे कालवांच्या जागा उजाड झाल्या, कालवे महाग झाली आणि गरिबाच्या पेल्याशेजारून उठून श्रीमंताच्या शँपेनशेजारी जाऊन बसली. १९५० साली डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातकाराने गिनेससाठी कालवांच्या निरनिराळ्या जातींची ओळख करून देणारी एक सचित्र जाहिरात अमेरिकेत प्रसिद्ध केली. ती जाहिरातकलेचा नमुना म्हणून आजही दाखवली जाते. मात्र तिचे खरे महत्त्व निराळे आहे. डिझरेलीच्या पिढीला जे कोणी सांगावे लागत नव्हते, ते आता छापील मजकुराच्या आधारे शिकवावे लागत होते.

बिअर आणि अन्न यांच्या संबंधांचा इतिहास लिहू जाणाऱ्याला हीच अवस्था पदोपदी भेटते. गेल्या तीनएक दशकांत अमेरिकेतील आणि युरोपातील अनेक उपाहारगृहांनी आपल्या खाद्यपत्रिकेत कोणत्या पदार्थासोबत कोणती बिअर घ्यावी हे छापण्यास आरंभ केला. सूपपासून चीजपर्यंत आणि अखेरीस गोड पदार्थापर्यंत प्रत्येक पायरीला वेगळा पेला नेमून दिलेला असतो. या प्रथेला कोणी नवी चाल म्हणतात, तर कोणी प्राचीन परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणतात. दोन्ही मते अर्धवट आहेत. संगत जुनी आहे. तिला नावे देणारी भाषा नवी आहे. आणि ही भाषा मुख्यतः लेखकांनी घडवली, हे साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे. या चळवळीतील पेयाला सर्वत्र 'क्राफ्ट बिअर' म्हणतात. लहान प्रमाणावर, कारागिराच्या निगुतीने केलेली बिअर, असा त्याचा आशय. मराठीत तिला शब्दशः 'हातभट्टीची' म्हणू गेल्यास भलताच अनर्थ ओढवेल. म्हणून परका शब्द तसाच ठेवलेला बरा.

बिअर प्रतिष्ठित पंगतीतून उठली कशी, हे आधी पाहिले पाहिजे. विल्यम हॉगार्थने १७५१ साली कोरलेल्या दोन प्रसिद्ध चित्रांपैकी 'बिअर स्ट्रीट' मध्ये धष्टपुष्ट कारागीर हातात पेला घेऊन हसत उभे आहेत. चित्राच्या नंतरच्या आवृत्तीत तर लोहाराच्या हातात मांसाची तंगडीच दिसते. जोडीच्या 'जिन लेन' मध्ये उपासमार आणि मृत्यू आहे. बिअर ही अन्नाची सोबतीण आणि जिन ही अन्नाची वैरीण, असा तो सरळ हिशेब होता. परंतु पुढच्या शतकात युरोपीय श्रीमंतांच्या जेवणाची रीतच बदलली. जुन्या फ्रेंच पद्धतीत अनेक पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात आणि ज्याने त्याने हात पोहोचेल ते घ्यावे असा प्रघात होता. १८१० च्या सुमारास पॅरिसमधील रशियन राजदूत कुराकिन याच्या मेजवान्यांतून पदार्थ एकामागून एक आणून वाढण्याची रीत तिथे परिचित झाली, आणि शतकाच्या उत्तरार्धात ती रूढ झाली. जेवणाला आरंभ, मध्य आणि अंत आला. प्रत्येक अंकाला वेगळे पात्र हवे, तसा प्रत्येक पदार्थाला वेगळा पेला हवा, ही कल्पना या क्रमातूनच दृढ झाली.

या नाट्यात भूमिका मिळाल्या त्या वाइनला. तिच्यापाशी नावे होती : गावाची, मळ्याची, वर्षाची. १८५५ साली बोर्दो प्रांतातील वाइनची अधिकृत प्रतवारीच जाहीर झाली. बिअरपाशी असले नामवैभव नव्हते. ती धान्यापासून होते, आणि धान्य कुठूनही आणता येते. एखाद्या टेकडीच्या उतारावर तिची कुळकथा सांगता येत नाही. नाव नाही म्हणून प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही म्हणून नावे पडत नाहीत, असे हे दुष्टचक्र होते.

त्यातच उद्योगयुगाने बिअरचे रूप एकसारखे करत नेले. १८४२ साली बोहेमियातील पिल्सेन येथे सोनेरी रंगाची, नितळ लागर प्रथम तयार झाली. ती स्वतः उत्तमच होती. पण यांत्रिक शीतकरण आणि रेल्वे यांच्या आधारे जगभर पसरलेल्या तिच्या नकला दर पिढीगणिक पातळ होत गेल्या. अमेरिकेत १८७० च्या दशकात चार हजारांहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. १९२० ते १९३३ ची दारूबंदी आणि नंतरची एकत्रीकरणे यांतून जाता जाता १९७० च्या दशकाअखेर त्यांची संख्या शंभराच्याही खाली आली. बिअर अतिथंड पिण्याची सवय लागली, आणि गारठलेल्या जिभेला चव कळत नाही हे सांगायला वैद्य लागत नाही. तहान भागवणारे, दूरचित्रवाणीवर खेळ पाहताना घ्यावयाचे पेय एवढीच तिची ओळख उरली. सोबतीला खारवलेले शेंगदाणे.

एक देश मात्र या प्रवाहातून बराचसा बाजूला राहिला, तो बेल्जियम. तिथल्या स्वयंपाकघरात बिअर कढईतच पडत असे. फ्लेमिश गृहिणी गोमांस आणि भरपूर कांदा गडद रंगाच्या, आंबटगोड बिअरमध्ये तासन्‌तास शिजवते. वरून मोहरीचा लेप दिलेला पावाचा तुकडा टाकते. तो विरघळून रस्सा आपोआप दाट होतो. ज्या बिअरमध्ये मांस शिजले तीच ताटाशेजारी ठेवावयाची, एवढाच तिथला नियम. ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येस, सेन नदीच्या खोऱ्यात, लँबिक नावाची बिअर होते. हिवाळ्याच्या महिन्यांत उकळलेला धान्यरस उथळ, उघड्या पात्रात रात्रभर ठेवतात. हवेतील आणि लाकडातील रानटी किण्व त्यात उतरते. मग लाकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षे ती मुरते. जुनी आणि नवी लँबिक एकत्र करून बाटलीत भरली की तिला 'ग्यूझ' म्हणतात, आणि आंबट चेरी मुरवल्या की 'क्रीक'. ग्यूझ इतकी आंबट असते की प्रथम घेणाऱ्याचे तोंड वाकडे व्हावे. पण त्याच भागातील खेड्यांतल्या कॅफेंमध्ये तिच्यासोबत पावाच्या कापावर मऊ पांढरे चीज, कापलेला मुळा आणि कांद्याची पात देतात, आणि एका घासानंतर ती आंबटाई अचानक समजूतदार होते. ताकाशिवाय भाकरीचा घास न उतरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

स्कूरमाँ मठातील, म्हणजे शिमे येथील ट्रॅपिस्ट संन्याशांनी १८६२ पासून बिअर आणि १८७६ पासून चीज करावयास घेतले. दोन्ही एकाच कुंपणात. अशी उदाहरणे आणखीही देता येतील. परंतु बेल्जियमच्या या समृद्धीला एक मर्यादा होती. ती घरगुती होती, मौखिक होती. तिचे शास्त्र झाले नव्हते. आजी नातीला शिकवते तसे हे ज्ञान हस्तांतरित होई, आणि आजी गेली की त्यातले काही जाई. हूगार्डन गावची गव्हाची पांढरी बिअर १९५७ साली अशीच लुप्त झाली. तिथला शेवटचा कारखाना बंद पडल्यावर, तरुणपणी तिथे कामाला हात लावलेल्या पिएर सेलिस या दूधवाल्याने १९६६ मध्ये स्मरणाच्या आधारे ती पुन्हा केली. स्मरण असलेला एक माणूस जिवंत होता म्हणून हे घडले.

या मौखिक परंपरेला लिखित कोश देण्याचे काम मायकेल जॅक्सन (१९४२–२००७) या इंग्रज पत्रकाराने केले. प्रख्यात गायकाचा हा निव्वळ नामबंधू. त्यावरून होणाऱ्या विनोदांना त्याला आयुष्यभर तोंड द्यावे लागले. यॉर्कशरमधील हा मनुष्य वार्ताहराच्या चिकाटीने गावोगावच्या भट्ट्या धुंडाळत हिंडला आणि १९७७ साली त्याचा 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बिअरचे प्रकार, म्हणजे तिच्या शैली, देशवार आणि गुणवार सांगण्याचा त्यात प्रयत्न होता. साहित्यसमीक्षेत 'काव्यप्रकार' या संकल्पनेने जे साधते ते इथे 'शैली' या शब्दाने साधले. एकदा प्रकार ठरला की कोणती कृती त्याला धरून आहे, कोणती त्याच्यापासून ढळली आणि कोणती त्याला ओलांडून गेली, याची चर्चा संभवते. जॅक्सनने वाइनच्या समीक्षेतून काही शब्द उसने घेतले हे खरे, पण भाजलेले, करपलेले, पावाच्या कडेचे, सुक्या अंजिराचे, मातीचे, अशी जी चवीची शब्दावली त्याने रूढ केली ती धान्याच्या पेयाला साजेशी होती. १९९३ च्या 'बिअर कंपॅनियन' मध्ये त्याने बिअरसोबतच्या आणि बिअरमध्ये शिजवण्याच्या पदार्थांना सन्मानाने जागा दिली.

शब्दाने वस्तू निर्माण केल्याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. 'ओटमील स्टाउट' हा ओटच्या पिठाने मऊ केलेल्या काळ्या बिअरचा प्रकार जवळजवळ नामशेष झाला होता. जॅक्सनच्या ग्रंथात त्याचा उल्लेख वाचून एका अमेरिकन आयातदाराने १९८० साली यॉर्कशरमधील सॅम्युअल स्मिथ या जुन्या ब्रुअरीकडून ती बिअर मुद्दाम तयार करवून घेतली. आज जगभर शेकडो ठिकाणी ती होते. याच्याही आधीचे एक उदाहरण निखळ साहित्यिक आहे. टॉमस हार्डीने १८८० च्या 'द ट्रम्पेट-मेजर' या कादंबरीत कॅस्टरब्रिजच्या कडक बिअरचे रसाळ वर्णन केले आहे. कॅस्टरब्रिज म्हणजे डॉर्चेस्टर. तिथल्या एल्ड्रिज पोप या ब्रुअरीने हार्डीच्या निधनाला चाळीस वर्षे झाली त्या निमित्ताने, १९६८ मध्ये, ते वर्णन डोळ्यांसमोर ठेवून एक अतिशय तीव्र बिअर केली आणि तिला कादंबरीकाराचेच नाव दिले. या प्रकारच्या बिअरसोबत निळ्या बुरशीचे स्टिल्टन चीज घ्यावे, असे भोजनज्ञ सांगतात. कादंबरीतील एका परिच्छेदाने पेल्यात उतरावे आणि तिथून ताटापर्यंत पोहोचावे, हे भाग्य फार थोड्या गद्याच्या वाट्याला आले असेल.

फिलाडेल्फियाच्या विद्यापीठीय संग्रहालयात १९९० च्या दशकात जॅक्सनची सार्वजनिक आस्वादसत्रे होत. मार्च २००० मध्ये अशाच एका भोजनप्रसंगी पॅट्रिक मॅक्‌गव्हर्न या पुरारसायनशास्त्रज्ञाने जमलेल्या बिअरकारांना एक आव्हान दिले. त्याची हकीकत अशी : तुर्कस्तानातील गॉर्डियन येथे १९५७ साली एक प्रचंड दफनटेकडी उत्खनित झाली होती. इ. स. पू. आठव्या शतकातील ही समाधी फ्रिजियाच्या मिडास राजाची, किंवा अलीकडील मतानुसार त्याच्या वडिलांची. आत दीडशेच्या वर काशाची पानपात्रे आणि अंत्यविधीच्या मेजवानीचे उरलेसुरले अवशेष होते. पात्रांच्या तळाशी सुकलेल्या पदार्थाचे पृथक्करण करून मॅक्‌गव्हर्न आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर १९९९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केला की पेय द्राक्षे, सातू आणि मध यांच्या मिश्रणाचे होते, आणि सोबतचे अन्न म्हणजे आधी विस्तवावर भाजून मग मसूर व मसाले घालून शिजवलेले मेंढीचे वा बकरीचे मांस. डेलावेअरमधील डॉगफिश हेड या ब्रुअरीचा सॅम कॅलाजोनी याने आव्हान स्वीकारले, आणि सप्टेंबर २००० मध्ये त्याच संग्रहालयात मिडासची मेजवानी पुन्हा मांडली गेली. पेयाला कडवटपणा आणि पिवळा रंग यावा म्हणून केशर घातले होते; तो मात्र तर्क होता, पुरावा नव्हे. तरीही सत्तावीसशे वर्षांपूर्वीच्या एका भोजनाचे ताट आणि पेला दोन्ही एकाच ठिकाणचे, एकाच दिवसाचे म्हणून ओळखता यावेत, ही दुर्मीळ घटना आहे.

आता गोड पदार्थांचा प्रश्न. बिअरच्या भोजनसंगतीची खरी परीक्षा इथेच होते, कारण कडू पेय आणि गोड पक्वान्न यांचा मेळ प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. या परीक्षेत बिअरच्या बाजूने सर्वांत समर्थ युक्तिवाद गॅरेट ऑलिव्हर याने केला. हा न्यूयॉर्कचा. १९८३ मध्ये तो लंडनला राहावयास गेला असता तिथल्या पिंपातील जिवंत एलने त्याला भारून टाकले. १९९४ मध्ये ब्रुकलिन ब्रुअरीत दाखल झाल्यावर त्याने पहिली बिअर केली ती 'ब्लॅक चॉकलेट स्टाउट'. तिच्यात चॉकलेटचा कणही नाही. खोलवर भाजलेल्या माल्टमुळे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या आणि मग कोळशासारख्या काळ्या केलेल्या धान्यामुळे, ती चव येते. २००३ साली त्याचा 'द ब्रूमास्टर्स टेबल' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या विषयाला पाठ्यपुस्तक मिळाले.

त्याची उपपत्ती थोडक्यात सांगता येते. कोरड्या वाइनसोबत गोड पदार्थ घेतला तर पदार्थाचा गोडवा वाइनमधील फळ मारून टाकतो आणि मागे केवळ आंबटपणा नि तुरटपणा उरतो. लग्नाच्या केकसोबत कोरडी शँपेन देणे हा म्हणूनच एक प्रतिष्ठित अत्याचार आहे. दाट स्टाउटमध्ये थोडी शर्करा शिल्लक असते, तुरटपणा फारसा नसतो, आणि भाजण्यातून आलेली कॉफी-कोकोची चव चॉकलेटच्या चवीशी सरळ हात मिळवते. कडवटपणा गोडाची मिठी सोडवतो. याउलट चेरीची आंबट क्रीक चॉकलेटशी विरोधाने जमते. जेवणातील अन्य पदार्थांसंबंधीही हेच. बिअरमधील वायूचे बुडबुडे जिभेवरची चरबी उचलून नेतात. भाजलेल्या मांसावरची तपकिरी साल आणि भाजलेले माल्ट ही एकाच रासायनिक प्रक्रियेची अपत्ये आहेत. आणि चीजपाशी तर बिअरची बाजू भक्कमच आहे, कारण ती मुळात द्रवरूप पावच, आणि पाव-चीज हे सख्खे शेजारी. भारतीय रसिकाला यात संवादी आणि विवादी स्वरांची आठवण झाल्यास नवल नाही. ज्याला इंग्रजीत 'जोडी लावणे' म्हणतात त्याला मराठीत 'साथसंगत' म्हणणे अधिक समर्पक होईल. साथीदाराने गायकाला झाकू नये आणि गायकाने साथीदाराला उपरा मानू नये.

ज्या तीव्र स्टाउटची ही थोरवी, तिचा पूर्वेतिहास विसरता येत नाही. लंडनच्या साउथवर्कमधील हेन्री थ्रेल याची ब्रुअरी रशियाच्या दरबारासाठी ती करीत असे. हा थ्रेल डॉ. सॅम्युअल जॉन्सनचा स्नेही. त्याच्या मृत्यूनंतर १७८१ मध्ये ब्रुअरी बार्कले आणि पर्किन्स यांना १ लाख ३५ हजार पौंडांना विकली गेली तेव्हा कोशकार जॉन्सन मृत्युपत्राचा एक व्यवस्थापक या नात्याने धावपळ करीत होता. १७९६ मधील एका दैनंदिनीत कॅथरीन सम्राज्ञीसाठी मुद्दाम केलेल्या या पोर्टरची नोंद आढळते. मात्र जॉन्सनच्या काळातील कोणी ती चॉकलेटच्या केकसोबत घेत नव्हते. चॉकलेट तेव्हा मुख्यतः पिण्याचे होते. बिअर अठराव्या शतकातील, पक्वान्न नंतरचे, आणि त्यांची भेट विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतील. खाद्यपत्रिका मात्र या भेटीला 'पारंपरिक' म्हणून मोकळी होते.

हा 'पारंपरिक' शब्द या सगळ्या व्यवहारातील सर्वांत संशयास्पद शब्द आहे. इंग्लंडमधील कोणत्याही पबात 'प्लाउमन्स लंच', अर्थात नांगऱ्याची न्याहारी, मिळते : पाव, चीज, लोणचे आणि बिअर. पाव-चीज-बिअर ही शेतकऱ्याची शिदोरी जुनीच. पण तिला हे भावगर्भ नाव चिकटवून पबांमध्ये रूढ केले ते दुसऱ्या महायुद्धानंतर चीज आणि दूध यांच्या विक्रीसाठी झटणाऱ्या संस्थांनी. इयन मॅकइवनने लिहिलेला आणि रिचर्ड आयरने दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट १९८३ मध्ये आला. आपल्या सोयीचा भूतकाळ रचण्याची राष्ट्राची खोड त्यात या ताटलीच्या रूपकातून दाखवली आहे. 'इंडिया पेल एल' ची कथाही याच जातीची. भारताचा प्रवास सोसावा म्हणून ती मुद्दाम शोधली गेली, असे शेकडो खाद्यपत्रिका सांगतात. मार्टिन कॉर्नेल या इतिहासकाराने दाखवून दिले की हॉजसनने ती या हेतूने शोधल्याला आधार नाही. आणि पोर्टरही त्याच गलबतांतून भारतात येत असे, किंबहुना सामान्य गोऱ्या सोल्जरांचे पेय तेच होते. तरी नावात 'इंडिया' आहे म्हणून तिखट रश्शासोबत हीच बिअर सुचवण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. वस्तुतः हॉपचा कडवटपणा आणि मद्यार्क हे दोन्ही मिरचीची आग वाढवतात. इथे शब्दाने जिभेवर मात केली, असेच म्हणावे लागते.

२००८ पासून अमेरिकेत 'सिसेरोन' या नावाने बिअरतज्ज्ञांच्या परीक्षा घेतल्या जातात. तिच्यात पदार्थांशी मेळ हाही अभ्यासविषय आहे. याने वाढपी जाणकार झाले, पेले स्वच्छ झाले, हे निर्विवाद. पण ज्या वाइनच्या उच्चभ्रू परिभाषेने बिअरला दाराबाहेर ठेवले होते, तशीच परिभाषा आता बिअरभोवती उभी राहत आहे, हेही नाकारता येत नाही. जॅक्सनच्या लेखनात खाणीतील कामगार आणि मठातील संन्यासी समान आदराने वावरतात. त्याच्या अनुयायांच्या लेखनात खाणकामगार क्वचितच भेटतो.

भारतीय वाङ्मयात या विषयाचे पडसाद पुरातन आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु यांचा उल्लेख आहे. त्यांतील मेदक हे तांदूळ आणि किण्व यांचे, म्हणजे बिअरच्या जवळचे पेय. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकांच्या आपानकगोष्ठीचे वर्णन करताना पेयांसोबत घ्यावयाच्या 'उपदंशां'ची यादी येते : नाना प्रकारचे लवण, फळे, हिरवा भाजीपाला, आणि तिक्त, कटु व अम्ल पदार्थ. संस्कृतातील तिक्त म्हणजे आपले कडू आणि संस्कृतातील कटु म्हणजे आपले तिखट, हा अर्थपालट इथे लक्षात ठेवावा लागतो. या यादीत फळे सोडली तर मधुर रसाला स्थान नाही. गोडाला पेल्यापासून दूर ठेवणारी ती दृष्टी आणि गोडापाशीच पेल्याची कसोटी लावणारी ऑलिव्हरची दृष्टी, यांतले अंतर मोठे आहे. 'उपदंश' आणि 'अवदंश' यांच्याच पंक्तीत संस्कृत कोशकार 'चक्षण' हाही शब्द याच अर्थी देतात.

आधुनिक काळात भारतीय अन्नाने बिअरला आकार दिल्याचे एक उदाहरण परदेशी घडले. मूळचे हैदराबादचे करण बिलिमोरिया यांनी १९८९ साली इंग्लंडमध्ये 'कोब्रा' या बिअरचा उद्योग आरंभला तो याच विचाराने की तिथल्या भारतीय उपाहारगृहांत दिली जाणारी लागर फार वायुयुक्त असते आणि जेवणाची जागा व्यापून टाकते. आरंभी ती बंगळूरला तयार होऊन विलायतेला जाई. पदार्थ आधी आणि पेय त्याच्या मापाने, असा हा उलटा क्रम होता.

भारतीय भोजनाची अडचण मात्र वेगळीच आहे. आपल्या पानात क्रम नसतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, गोडही त्याच पानात आणि त्याच वेळी. प्रत्येक घासाची जुळणी जेवणारा स्वतः करतो. कुराकिनच्या मेजवानीतील वाढप्याला जे काम होते ते इथे बोटांकडे आहे. एका घासाला लोणचे आणि दुसऱ्याला श्रीखंड असेल तर एक पेला दोघांना साथ देणार कसा? यावर नेमकी उपपत्ती अद्याप कोणी मांडलेली नाही, आणि पाश्चात्य ग्रंथांतील 'भारतीय पदार्थ' हे शीर्षक इतके ढोबळ असते की त्यात गोव्याचे हुमण आणि लखनौचा कबाब एकाच ओळीत बसतात.

२००९ साली पुण्यात महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. तिने धारण केलेले 'डुलाली' हे नाव म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचे इंग्रजी रूप. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने ताटकळणारे गोरे शिपाई कंटाळ्याने आणि तापाने भ्रमिष्ट होत, त्यावरून इंग्रजीत 'डुलाली' म्हणजे डोके फिरलेला, असा शब्द रूढ झाला होता. दीड शतकाच्या आसपास विलायतेच्या बोलीत राहून देवळाली पुन्हा मराठी मुलखात पेल्यावर छापून आली. तिच्यासोबत मेजावर येणाऱ्या ताटलीला खाद्यपत्रिका काहीही म्हणो, गिऱ्हाईक म्हणते चखणा.